दहा ते एक म्हणजे किती तास?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मेचा तिसरा आठवडा होता. आमचे अब्बा-अम्मी हजला निघाले होते. दवनीवाड्याहून गोंदिया, तिथून नागपूर, मग हज हाऊस आणि विमानतळ, असा सगळा प्रवास नीट पार पडला. विमान नागपूरहून थेट जेद्दाला जाणार होते. कागदावर वेळ छापली होती, निघणार सकाळी १० वाजता आणि पोहोचणार दुपारी १ वाजता. तो कागद घरातल्या प्रत्येकाने वाचला. तीन तासांचा प्रवास, असे आम्हीच सगळ्यांना सांगितले. गोंदियाहून पॅसेंजरने नागपूरला जायलाही कधी कधी तीन तास लागतात, असे म्हणून हसलोही.

अब्बा जाताना म्हणाले होते, "उतरलो की लगेच फोन करतो."

एक वाजला. फोन आला नाही. विमानतळावर गर्दी असेल, असे म्हणून आम्ही दीड वाजवला. दोन वाजले. जोहरची नमाज झाली. खालाजान तस्बीह घेऊन दाराशी बसल्या. अडीच वाजता भाभीने जेवणाची ताटे झाकून ठेवली, कारण कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तीन वाजता पुतण्या टीव्हीवर बातम्या लावून बसला, तेव्हा खालाजान त्याच्यावर ओरडल्या आणि मग स्वतःच रडू लागल्या. अब्बांचा नंबर लावला की तो बंद असल्याचे ऐकू यायचे.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. अब्बा म्हणाले, "आत्ताच बाहेर आलो. इथे पावणेदोन व्हायला आलेत." घरात अल्हम्दुलिल्लाहचा एकच आवाज उठला. आम्ही मात्र त्यांच्या पुढच्या वाक्यावर अडकलो. इथे पावणेदोन व्हायला आलेत?

आमचा विषय भाषेचा आहे, पण गावच्या शाळेत भूगोलाचा तासही घ्यावा लागतो. आठवीच्या पुस्तकातला स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळेचा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, १५ अंशांना एक तास, हे मुलांकडून पाठ करून घेतो. आणि त्याच आम्ही घरच्या कागदावरचे दोन आकडे सरळ एकमेकांतून वजा केले होते. विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावच्या घड्याळाची. भारताचे घड्याळ सौदी अरबच्या घड्याळापेक्षा अडीच तास पुढे आहे. जेद्दाचा एक म्हणजे आपले साडेतीन. प्रवास तीन तासांचा नव्हताच, साडेपाच तासांचा होता.

चुकीची किंमत

घरी आम्ही तीन तास घाबरलो, एवढ्यावर भागले असते तर ही गोष्ट आम्ही लिहिली नसती. खरी चूक विमानात महागात पडणार होती, ती आम्हाला दोन दिवसांनी कळली.

अम्मीला मधुमेह आहे. सकाळी लवकर नाश्ता करून तिने गोळी घेतली होती. विमानात साडेअकराच्या सुमारास जेवण आले, तेव्हा ती म्हणाली, "एक वाजता उतरायचेच आहे, तिथेच खाऊ." तिच्या मनगटावरचे घड्याळ आपल्याच वेळेवर चालत होते. त्या घड्याळात एक वाजला, दोन वाजले, तरी विमान ढगांच्या वरच. अडीचच्या सुमारास तिला घाम फुटला, हात थरथरू लागले. शेजारच्या सीटवरच्या एका बहिणीने ओळखले, खजूर आणि ज्यूस दिला, थोड्या वेळाने बरे वाटले. अल्लाहने त्या बहिणीला जजा द्यावी.

अब्बांची वेगळीच घालमेल चालली होती. इहराम नागपूरलाच बांधला होता, पण मीकातची सूचना उतरण्याच्या थोडी आधी होते, असे तालीमच्या वर्गात सांगितले होते. त्यांच्या घड्याळात एक वाजून गेला तरी सूचना झाली नाही. मीकात मागे राहिली की काय, या काळजीने ते दोनदा जागेवरून उठले. सूचना वेळेवरच झाली, ती साडेपाच तासांच्या हिशेबाने.

दोघांनाही तालीम मिळाली होती, औषधे जवळ होती, जेवण समोर आले होते. कमी होता तो फक्त एका वजाबाकीचा खुलासा, आणि तो करायचे काम आमचे होते.

दोन सोपे हिशेब

त्यानंतर आम्ही वर्गात दोन हिशेब शिकवायला सुरुवात केली. ते इथे देतो.

पहिला हिशेब तिकिटाचा. जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही वेळा समोर ठेवा. जाताना १० ते १, म्हणजे दिसायला ३ तास. येताना जेद्दाहून सकाळी १० ला निघालेले विमान नागपूरला संध्याकाळी ६ ला पोहोचते, म्हणजे दिसायला ८ तास. दोन्हींची बेरीज ११, तिचा निम्मा साडेपाच. हा खरा उड्डाणाचा वेळ. आणि ८ मधून ३ वजा केले तर ५, त्याचा निम्मा अडीच. हा दोन देशांच्या घड्याळांतला फरक. कोणत्याही दोन शहरांच्या थेट विमानांना हा हिशेब लावता येतो, फक्त वाटेत दुसरे विमान बदलायचे नसावे.

उत्तर मिनिटाला मिनिट जुळेलच असे नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावर फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला ते समोरून लागतात आणि परत येणाऱ्याला पाठीमागून ढकलतात. त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतो. निम्मा काढला की सरासरी मिळते.

दुसरा हिशेब अंतराचा. मोठे जेट विमान उंचीवर पोहोचल्यावर ताशी सुमारे ८५० किलोमीटरने जाते. हवाई अंतराला ८५० ने भागा आणि धावपट्टीवर फिरणे, चढणे, उतरणे यांसाठी ४० मिनिटे मिळवा. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर, पण हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर. ६९० ला ८५० ने भागले की साधारण ५० मिनिटे, त्यात ४० मिळवले की दीड तास. तिकिटावरही साधारण तेवढाच वेळ दिसतो. नागपूर ते जेद्दा हवाई अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. भागाकार येतो ४ तास ५० मिनिटे. त्यात ४० मिनिटे मिळवा. साडेपाच तास!

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग. विमान अगदी त्याच रेषेवरून जाते असे नाही. आकाशातही ठरलेले रस्ते असतात आणि तेही बंद होतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून आखाताकडे आणि युरोपकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. तीच दोन शहरे, तेच हवाई अंतर, पण वेळ वाढला.

आमचे दादा सत्तरच्या दशकात हजला गेले होते. गोंदियाहून रेल्वेने मुंबई, तिथे मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग जहाज. जहाजाला जेद्दा गाठायला बारा-पंधरा दिवस लागत. घरी खुशाली कळायची ती पत्राने, तीही कित्येक दिवसांनी. समुद्रमार्गे हजची ती सोय १९९५ मध्ये बंद झाली. दादी सांगायची, की दादांचे पत्र येईपर्यंत घरात कोणी काळजी करायचे नाही, कारण पत्राला किती दिवस लागतात हे सगळ्यांना माहीत होते. आम्हाला मात्र तीन तासांतच धीर सुटला, कारण किती वेळ लागतो हेच आम्ही चुकीचे धरले होते.

एकाच रेषेवरची दोन गावे

अब्बा-अम्मी मक्केत होते त्या दिवसांत आम्ही शाळेचा पृथ्वीगोल घरी आणला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोहल्ल्यातली आणि शेजारच्या आळीतली मुले आमच्या ओसरीवर असतातच. बिरसीच्या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, त्यामुळे लहान विमानांची घरघर आमच्या भागातल्या मुलांना नवी नाही. धानाच्या बांध्यांवरून विमान गेले की ती आजही मान वर करतात. त्या दिवशी एकाने विचारले, "सर, मक्का इथून कोणत्या दिशेला आहे? अगदी मावळतीला का?"

आम्ही गोलावर बोट ठेवले. गोंदियाचा अक्षांश २१.४६ अंश उत्तर. मक्केचा २१.४२ अंश उत्तर. आम्ही स्वतःच चकित झालो. इतकी वर्षे नकाशा हाताळतो, पण आमचा भाग आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, हे कधी लक्षात आले नव्हते. आपण पूर्वेकडे ८० अंश रेखांशाजवळ, मक्का ४० अंशाजवळ. मध्ये ४० अंश, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने २ तास ४१ मिनिटे.

याचा एक अर्थ असा, की दिवसाची लांबी दोन्हीकडे वर्षभर सारखीच असते. गोंदिया जिल्ह्यातला रोजा आणि मक्केतला रोजा लांबीला जवळपास सारखाच. फक्त त्यांची सहरी आणि इफ्तार आपल्यानंतर २ तास ४१ मिनिटांनी. रमजानमध्ये विमानाने पश्चिमेकडे जाणाऱ्याचा रोजा मात्र लांबतो, कारण विमान सूर्याच्या मागे मागे धावते. आपल्या अक्षांशावर सूर्याचा उजेड ताशी सुमारे १,५५० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे सरकतो, विमान ८५० ने. सूर्य पुढे निघून जातोच, पण सावकाश.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. एकाच अक्षवृत्तावर आहोत, तर किब्ला अगदी पश्चिमेला हवा. पण गोलावर गोंदियापासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो अक्षवृत्तावर बसत नाही. मध्यभागी तो उत्तरेकडे सरकतो, गुजरातवरून अरबी समुद्रात जातो, ओमानच्या पूर्व टोकाजवळ जमिनीवर येतो आणि वाळवंट ओलांडून पुन्हा खाली उतरतो. मध्यावर हा फरक सुमारे १४० किलोमीटरचा आहे. म्हणून आमच्याकडून किब्ला बरोबर पश्चिमेला नसून पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेला आहे. सपाट नकाशावर हे दिसत नाही, गोलावर दोरा धरला की लहान मूलही समजते. गंमत म्हणजे या वळणाने वाचणारे अंतर अवघे १२ किलोमीटरच्या आसपास आहे!

२८ मे, दुपारी २ वाजून ४८ मिनिटे

वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाशरीफच्या डोक्यावर येतो, मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्यात. २७ आणि २८ मे रोजी आपल्या घड्याळात तेव्हा २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात. १५ आणि १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटे, पण आपल्याकडे तेव्हा बहुतेक ढग असतात. त्या क्षणी आपण सूर्याकडे तोंड केले तर ते किब्ल्याकडेच असते, त्यासाठी होकायंत्र लागत नाही.

२८ मे रोजी आम्ही अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याने अगदी उभी रोवली. आमचा अक्षांश मक्केइतकाच असल्यामुळे त्याच दिवशी दुपारी १२ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास सूर्य आमच्याही डोक्यावर आला आणि काठीची सावली नाहीशी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. विदर्भातला मे, पायाखालची माती भाजत होती, पण एकही घरी गेला नाही. खालाजानने सगळ्यांना पन्हे दिले.

पावणेतीनला आम्ही अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. ते हरमपासून जवळच्या रस्त्यावर उभे होते. २ वाजून ४८ मिनिटांनी ते म्हणाले, "इथल्या खांबांना सावलीच नाही. जोहरची अजान होतेय." इकडे आमच्या काठीची सावली पडली होती, पूर्वेकडे आणि किंचित दक्षिणेला. म्हणजे तिच्या उलट दिशेला किब्ला, पश्चिमेपासून थोडा उत्तरेला, दोऱ्याने दाखवला होता तसाच.

सावली मोजली, ती ७६ सेंटिमीटर भरली. कागदावर १० सेंटिमीटर उभी आणि ७.६ सेंटिमीटर आडवी रेघ काढून काटकोन त्रिकोण पूर्ण केला. काठीच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजला. तो ३७ अंश आला.

तिथे सावली शून्य आणि इथे ३७ अंश, असे का? सूर्य फार दूर असल्यामुळे त्याची किरणे दोन्हीकडे समांतर येतात. पृथ्वी गोल असल्यामुळे आमची काठी मक्केतल्या खांबाशी समांतर नाही, ती ३७ अंशांनी कललेली आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणांमध्ये पृथ्वीच्या घेराचे ३७ अंश आहेत. पूर्ण घेर ४०,००० किलोमीटर, त्याचे ३६० अंश, एका अंशाला १११ किलोमीटर. ३७ गुणिले १११ म्हणजे ४,१०७ किलोमीटर.

नेमका हिशेब सुमारे ४,१७० किलोमीटरचा आहे. एका काठीने आणि शाळेच्या कोनमापकाने आम्ही त्याच्या साठ-सत्तर किलोमीटर जवळ पोहोचलो होतो. अब्बा तिकडून म्हणाले, "म्हणजे आपल्या अंगणातून मोजता येतो होय हा रस्ता?" अम्मीने फोन हातात घेऊन काठी नीट पाहिली आणि म्हणाली, "मुलांना उन्हातून आत घे आधी."

आम्ही नवीन काही शोधले नाही. प्राचीन काळी इराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन शहरांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला होता. हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल्-बिरूनी यांनी १०२५ मध्ये एक ग्रंथ पूर्ण केला. शहरांचे अक्षांश-रेखांश आणि त्यांच्यातली अंतरे कशी ठरवावीत, हाच त्याचा विषय. गझनीचा किब्ला अचूक काढणे हे त्या कामाचे एक उद्दिष्ट होते. तेव्हा ना विमान होते ना उपग्रह. आज तोच हिशेब वैमानिकाच्या यंत्रात होतो आणि आपल्या मोबाइलमध्येही. आपण मात्र तिकीट वाचताना चुकतो.

जाणाऱ्यांसाठी

तुमच्या घरातून कोणी हजला, उमऱ्याला किंवा आखातात कामाला जात असेल, तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहून द्या. विमानात खरोखर किती तास बसायचे आहे. उतरताना आपल्या घड्याळात किती वाजलेले असतील आणि तिथल्या घड्याळात किती. आणि घरच्यांनी फोनची वाट कधीपासून पाहायची, उतरल्यानंतर किमान एक-दीड तास धरून.

साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर औषधांचे नवे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, विशेषतः इन्सुलिन असेल तर. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नाही, आणि सोबत थोडे खजूर. विमानात जेवण समोर आले की खाऊन घ्या. प्रवासातल्या रोजा आणि नमाजचे मसले निघण्याआधी आलिमांना विचारून घ्या.

आणि मेच्या २७ किंवा २८ तारखेला, पावणेतीन वाजता, मुलांना घेऊन अंगणात किंवा गच्चीवर एक काठी उभी करा. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नका, फक्त सावली पाहा. मुंबईत एका मीटरच्या काठीला सुमारे ६० सेंटिमीटर सावली पडेल, पुण्यात ६३. तुमच्या गावाचे मक्केपासूनचे हवाई अंतर तुम्हीच काढा आणि आम्हाला कळवा.

अब्बा-अम्मी परतले त्या दिवशी कागदावर सकाळी १० ते संध्याकाळी ६ असे लिहिले होते. पुतण्याने खालाजानला विचारले, "आठ तास ना?" खालाजानने तस्बीह बाजूला ठेवली, बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "साडेपाच. आपल्या घड्याळात साडेबाराला निघतील. तोवर तू जेवून घे."